उरलेलं खेळणं बरोबर आणा

मागच्या अंकात शेवटी एका ओळीत मी सहज लिहिलं होतं, की पाळीव प्राण्यांच्या खेळण्यांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रांचा ढीग पडला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे, 'सुरक्षित खेळणं कोणतं?' त्याला एका शब्दात उत्तर नाही. जी रबरी कडी एका म्हाताऱ्या कुत्रीनं तीन वर्षं जिवापाड जपली, तशाच कडीचे एका पिल्लानं पाऊण तासात अठरा तुकडे केलेले मी मोजले आहेत. म्हणून खेळणं कोणाच्या तोंडात जाणार आहे हे सांगणारी पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : आमची मांजर चिंगी साडेतीन वर्षांची. रिबिनीशी, लोकरीच्या गुंड्याशी खेळायची आणि आम्ही कौतुकानं बघायचो. दोन महिन्यांपूर्वी तिनं खाणं सोडलं, तीनचारदा उलटी केली आणि मग शेपटीखालून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं. हे ते ओढणारच होते, तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "हात लावू नकोस!" त्याच रात्री ऑपरेशन झालं. आता ती ठणठणीत आहे, पण मी घाबरून सगळी खेळणी माळ्यावर टाकली आहेत. दिवसभर खिडकीत बसून असते, रात्री पडद्यांवर चढते. तिला खेळायला काय देऊ? आणि ते टोक ओढलं असतं तर काय झालं असतं?

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेनं वळलेले बारीक काटे असतात. अंग विंचरायला ते फार उपयोगी, पण दोरा एकदा त्यांत गुंतला की मांजराला तो थुंकता येत नाही, गिळतच जावं लागतं. गिळताना एक टोक पुष्कळदा जिभेखाली फासासारखं अडकतं, नाहीतर जठराच्या तोंडाशी गोळा होऊन बसतं. दुसरं टोक आतड्यात पुढे सरकत राहतं. आतडं बिचारं आपलं काम करतं, दोरा पुढे ढकलायला बघतं. दोरा हलत नाही, मग आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं. नेफ्यातला नाडा ओढला की कापडाच्या चुण्या पडतात ना, अगदी तसं. तो ताणलेला दोरा चुण्यांच्या आतल्या कडेनं आतडं कापत जातो. शेपटीखालचं टोक ओढणं म्हणजे तो नाडाच ओढणं. तोंडातून लोंबणाऱ्या टोकालाही हाच नियम. ओढायचं नाही, तसंच उचलून पशुवैद्याकडे न्यायचं.

उलट्या करणारं मांजर आलं की मी त्याचं तोंड उघडते आणि खालच्या जबड्याच्या दोन हाडांमध्ये जी मऊ जागा असते, तिथे बाहेरून अंगठा दाबते. जीभ वर उचलली जाते, तिच्या मुळाशी बघता येतं. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एका पिल्लाची जीभ मी अशीच उचलली, काही दिसलं नाही, आणि पोट बिघडलंय म्हणून औषध देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते मलूल होऊन परत आलं. भिंग लावून पाहिलं, तर जिभेखालच्या लाल सुजलेल्या घडीत शिवणाचा दोरा रुतला होता, केसाएवढा. पिल्लू वाचलं. मी मात्र अजूनही दोनदा बघितल्याशिवाय जीभ सोडत नाही.

आता माळ्याकडे वळू. लोकर, रिबिनी, सुतळी, रबरबँड, केसांची रबरं, भेटवस्तूंवरच्या चमचमत्या झिरमिळ्या आणि अर्थातच सुईदोरा, हे सगळं बंद खणात, कायमचं. लोकरीच्या गुंड्याबरोबरचं मांजराचं चित्र ज्यानं पहिल्यांदा काढलं त्यानं आमच्या व्यवसायाला भरपूर काम दिलं आहे. काठीला दोरीनं बांधलेलं पीस मात्र खाली काढा. ते उत्तम खेळणं आहे, फक्त काठीचं दुसरं टोक तुमच्या हातात असेपर्यंत. खेळ संपला की काठी कपाटात. कापडी उंदराचे डोळे, नाक, शेपटी आणि घुंगरू चिंगीच्या आधी तुम्ही ओढून पाहा. तुमच्या बोटांनी जे निघतं ते तिच्या दातांनी निघणारच, तेव्हा ते आधीच काढून टाका.

पीस कसं हलवायचं हेही सांगते, कारण नव्वद टक्के घरांत ते मांजराच्या तोंडासमोर नाचवलं जातं. उंदीर कधी मांजराच्या अंगावर चालून येतो का? पीस तिच्यापासून दूर पळवा, सोफ्याच्या कडेआड दडवा, क्षणभर थांबवा, फक्त टोक थरथरू द्या. ती दबा धरेल, मागचा भाग हलवेल, मग झडप घालेल. दर चारपाच झडपांत एकदा तरी ते तिला खरोखर पकडू द्या. दहा मिनिटं पुरेत, दिवसातून दोनतीनदा. शेवटचा खेळ तुमच्या झोपण्याआधी आणि त्यावर लगेच तिचं रात्रीचं खाणं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा क्रम आहे. तो पुरा झाला की पडद्यांवर चढण्याचं कारण पुष्कळसं उरत नाही.

एकाच खेळण्याला मांजर कंटाळतं याचा अर्थ ते खेळाला कंटाळलं असा नाही. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हेच तपासून पाहिलं होतं. तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिल्यावर मांजरांचा उत्साह मावळत गेला, पण पाचेक मिनिटांनी वेगळं खेळणं समोर आल्यावर तीच मांजरं पहिल्यापेक्षा जोरात खेळली. म्हणून पसारा नको. तीन वस्तू बाहेर ठेवा, बाकी आत, आणि दर दोन दिवसांनी अदलाबदल करा. कागदाचा चुरगळलेला बोळा, टेबल टेनिसचा चेंडू आणि रिकामं खोकं इतकंही चालेल. कागदी पिशवी द्यायची तर तिचे बंद आधी कापा. बंदात मान अडकली की मांजर पिशवीसकट घरभर सैरावैरा धावतं, आणि त्या धावण्यात स्वतःला इजा करून घेतं.

प्रश्न : कॅटनिप (मांजरांना आवडते म्हणतात ती वनस्पती) भरलेली उशी आणली. आमच्या बोक्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. त्या वनस्पतीतल्या नेपेटालॅक्टोन या द्रव्याचा परिणाम होणं न होणं आनुवंशिक असतं. साधारण एक तृतीयांश मांजरांना त्याचं काहीच वाटत नाही, आणि तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना तर बहुधा नाहीच. ज्यांना वाटतं ती दहापंधरा मिनिटं लोळतात, लाळ गाळतात आणि उठून चालू लागतात. त्यात धोका नाही. उशीची शिवण उसवलेली नाही ना, एवढं बघा. बोक्याला नको असेल तर कोणाच्या तरी मांजराला देऊन टाका.

प्रश्न : आमचं लॅब्राडोरचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे. टेबलाचे पाय, चपला, रिमोट, काही सोडत नाही. मऊ खेळणी एका दिवसात फाडतो. मित्र म्हणतात, जाडजूड हाड किंवा कडक नायलॉनचं चघळण दे, दातही मजबूत होतील. जुनी चप्पल त्यालाच दिली तर?

उत्तर : दात 'मजबूत होतील' हे मीही मानत होते. माझ्या मोत्याला छानसं जाड हाड मीच दिलं होतं. तीन आठवड्यांनी त्याचे दात घासताना वरच्या उजव्या मोठ्या दाढेवर ब्रश अडखळला. दाढेची बाहेरची भिंत फळीसारखी सुटून गेली होती आणि मधोमध गुलाबी ठिपका होता. तो ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस. मोत्या रोज बशी चाटून पुसून खात होता, शेपूट हलवत होता, फक्त डाव्या बाजूनं चावत होता. घरात पशुवैद्य असून हे कळायला एकवीस दिवस लागले. तीन मुळांची दाढ, भूल देऊन काढावी लागली.

चघळण्याच्या वस्तूसाठी तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे. अंगठ्याचं नख दाबा. थोडं तरी रुतलं पाहिजे. हाडात, शिंगात, खुरात, कडक नायलॉनमध्ये नख रुतत नाही, आणि बर्फाच्या खड्यातही नाही. नखावर विश्वास नसेल तर ती वस्तू स्वतःच्या गुडघ्यावर आपटून बघा. 'आई गं' म्हणालात तर ती तुमच्या कुत्र्यासाठी नाही.

पाच महिने म्हणजे तुमच्या पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येण्याचा ऐन काळ. सातव्या महिन्यापर्यंत हे चालेल. हिरड्या शिवशिवतात म्हणून तो चावतो, तुमच्यावर राग म्हणून नव्हे. जाड सुती टॉवेल ओला करून, पिळून, गाठ मारून गार करा आणि तुमच्या देखत दहा मिनिटं चावू द्या. मग काढून घ्या, कारण टॉवेलचे धागेही दोराच आहेत. दोरखंडाच्या खेळण्यांचंही तेच. दोरखंडाची टोकं पिंजायला लागली की त्यांची गत चिंगीच्या रिबिनीसारखी होते.

एकट्यानं चघळायला जाड, लवचीक, पोकळ रबरी खेळणं बरं, ज्यात त्याच्या रोजच्या खाण्यातलाच थोडा भाग भरता येतो. त्याला दोन्ही बाजूंना भोकं हवीत. एकच भोक असलेल्या पोकळ चेंडूत जीभ घातली की आत निर्वात पोकळी होते, जीभ अडकते, सुजते आणि सुजली की अजून घट्ट बसते. आत काही गोड चोपडायचं असेल तर डब्यावरची यादी वाचा. झायलिटॉल हा शब्द दिसला तर तो डबा कुत्र्यापासून दूर. साखरेऐवजी वापरला जाणारा, माणसाला निरुपद्रवी असलेला हा पदार्थ कुत्र्याची रक्तशर्करा धाडकन खाली आणतो आणि यकृतावरही घाव घालतो.

जुनी चप्पल देऊ नका. जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कळत नाही. दोघींना वास तुमचाच येतो.

मऊ खेळणी फाडणाऱ्या कुत्र्यांबद्दल एक प्रसंग सांगते. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले, आणि बरोबर पिशवीभर तुकडे. रबराचं पिवळं बदक होतं. आम्ही दोघांनी तपासणीच्या टेबलावर ते जुळवायला घेतलं. चोच मिळाली, एक पंख मिळाला, पाठ तीन तुकड्यांत मिळाली. दुसरा पंख नव्हता आणि पोटातली शिट्टी नव्हती. कुत्रा शेजारी बसून आमच्याकडे आशेनं बघत होता. एक्स-रेवर काहीच स्पष्ट दिसेना, कारण पातळ प्लॅस्टिक आणि रबर एक्स-रेवर बरेचदा उमटतच नाही. पण काय हरवलंय आणि ते किती मोठं आहे हे माहीत होतं, म्हणून सोनोग्राफीत नेमकं तेच शोधलं. शिट्टी जठरात होती. दुर्बिणीनं काढली, पोट फाडावं लागलं नाही.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, की काही गिळल्याची शंका आली तर उरलेलं खेळणं बरोबर आणा. जोडीतलं दुसरं, न फाडलेलं असेल तर तेही आणा. घरी मीठ पाजून उलटी करवू नका. मिठानंच जिवाला धोका होतो, आणि गिळलेली वस्तू धारदार असेल तर वर येताना अन्ननलिका चिरते. दिवे लागणारं किंवा बोलणारं खेळणं कुत्र्याला देऊच नका. आतली बटणाएवढी बॅटरी ओल्या आवरणाला चिकटली की अगदी थोड्या वेळात तिथं भाजल्यासारखी जखम होते. लहान लोहचुंबक दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत कुजते. यातलं काही गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघत बसू नका.

वेष्टनावरच्या 'अतूट' आणि 'सुरक्षित' या शब्दांवर मी फारसं जात नाही. लहान मुलांच्या खेळण्यांना असतात तसे सक्तीचे निकष प्राण्यांच्या खेळण्यांना बहुतेक ठिकाणी नाहीत. नवं खेळणं दिलं की पहिली पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून समोर बसा. तो ते चाटतोय, चघळतोय, की बाजूच्या दाढांनी कापतोय? कापणारा कुत्रा असेल तर ते खेळणं एकट्यानं खेळायचं नाही.

प्रश्न : आमचा कुत्रा बंड्या टेनिसच्या चेंडूपुढे जेवणही विसरतो. मी आणि मुलगी रोज संध्याकाळी तासभर चेंडू फेकतो, तो थकतच नाही. एवढं खेळणं चांगलंच ना?

उत्तर : बंड्या थकतो. थांबायचं त्याला कळत नाही, एवढंच. चेंडूवेड्या कुत्र्याला जीभ लांब, रुंद होऊन बाहेर लोंबेपर्यंत धावताना पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच उष्णता बाहेर काढावी लागते. दमट हवेत तेही जमत नाही. चपट्या नाकाच्या जातींचे तर आणखी हाल. शिवाय प्रत्येक चेंडूमागे एक करकचून ब्रेक आणि एक वळण, ते खांद्यांवर आणि गुडघ्यांवर येतं. दहापंधरा फेका, त्याही जमिनीलगत. हवेत उंच उडी मारून, पाठ वळवून पकडलेला चेंडू फोटोत छान दिसतो.

मधल्या वेळात चेंडू गवतात लपवा आणि त्याला नाकानं शोधू द्या. वीस मिनिटं हुंगून कुत्रा जितका शांत होतो तितका तासभर धावून होत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. लपवायचा चेंडू निळा घ्या. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे दोन रंग नीट दिसतात. लाल चेंडू हिरवळीवर त्याला मातकट पार्श्वभूमीवर मातकट गोळा दिसतो. पण लपवायचाच असेल तर तोच बरा, नाही का! आधी निळ्यावर शिकवा, मग लाल.

टेनिसच्या चेंडूवरची लव काचकागदासारखी असते, त्यात माती बसली की जास्तच. फेकून आणण्यापुरता ठीक, पण तोंडात धरून तासन्‌तास चावला तर दात सपाट घासले जातात. मोठा कुत्रा तो जबड्यात दाबून चेपवतो आणि घशाच्या तोंडाशी तो पुन्हा फुलतो. चेंडू इतका मोठा हवा, की तोंड पूर्ण उघडलं तरी तो सुळ्यांच्या मागे घसरणार नाही. अडकलाच तर समोरून बोटं घालू नका, तो आणखी आत जातो. गळ्यावर बाहेरून, चेंडूच्या मागे दोन्ही अंगठे ठेवा आणि जबड्याच्या दिशेनं पुढे ढकला. दुसऱ्यानं तोंड उघडं धरावं. निघाला तरी तपासायला आणा.

आणि चेंडू विसरलात म्हणून वाटेतली काडी उचलून फेकू नका. टोक जमिनीत रुतलेल्या काडीवर धावत्या कुत्र्याचं उघडं तोंड जाऊन आदळतं, घशात आरपार जखम होते. आत तुटलेली ढलपी महिन्यांनंतर मानेवर गळू होऊन बाहेर येते.

प्रश्न : कुत्र्याबरोबर रस्सीखेच खेळू नये, तो जिंकला तर डोक्यावर बसतो, असं मला एका प्रशिक्षकानं सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : ब्रिटनमध्ये १४ गोल्डन रिट्रिव्हर कुत्र्यांबरोबर हेच करून पाहिलं गेलं, त्यावरचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला वीस वेळा जिंकू दिलं, वीस वेळा हरवलं. जिंकल्यामुळे कुत्रे वरचढ झाल्याचं दिसलं नाही. तेव्हा खेळा, आणि त्याला जिंकूही द्या. दोरी त्याच्या पाठीच्या पातळीवर, आडवी ओढा. वर उचलून त्याला लोंबकळवायचं नाही, झटके द्यायचे नाहीत, दात बदलणाऱ्या पिल्लाबरोबर तर अगदी हलक्या हातानं. 'सोड' म्हटलं की सोडलं पाहिजे, हे आधी शिकवा. सोडलं की बक्षीस म्हणून लगेच पुन्हा दोरी तोंडात द्या. खेळताना गुरगुरतो त्याची काळजी नको. अंग सैल असेल तर ते गुरगुरणं खेळातलं आहे. अंग ताठ आणि नजर स्थिर झाली तर दोरी सोडून द्या आणि निघून जा.

प्रश्न : लेझरचा लाल ठिपका भिंतीवर फिरवला की आमची दोन्ही मांजरं आणि कुत्रा वेड्यासारखे धावतात. डोळ्यांना काही होतं का?

उत्तर : थेट डोळ्यात गेला तर होऊ शकतं. पण मला डोळ्यांपेक्षा डोक्याची काळजी आहे. ठिपका कधीच हाती लागत नाही. कुत्र्याला तर ठिपका अजिबात दाखवू नका. काही कुत्रे नंतर घड्याळाच्या काचेचा कवडसा, भिंतीवरची सावली, जे हलेल त्याच्यामागे दिवसभर लागतात, आणि ती सवय सोडवताना आम्हालाही घाम फुटतो. मांजरांसाठी वापरायचाच असेल तर ठिपका शेवटी एखाद्या कापडी उंदरावर आणून विझवा, म्हणजे पंजाखाली काहीतरी येईल. मला विचाराल तर लेझर खणात टाका आणि पिसाची काठी काढा.

प्रश्न : पिंजऱ्यात एकटा नर बजी (छोटा पोपट) आहे. त्याला सोबत म्हणून आरसा आणि घुंगरू टांगलं. आता तो दाणे बाहेर काढून आरशाला लावतो. आजारी आहे का?

उत्तर : प्रेमात पडलाय. नर बजी जोडीदाराला असंच भरवतो. आरशातली बया काही खात नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, वजन घटतं, आणि आरशाजवळ कोणी गेलं तर चावायला धावतो. आरसा काढा. मात्र आरसा नसतानाही दाणे उडवत असेल, डोक्यावरची पिसं चिकट झाली असतील, तर ती उलटी आहे, तपासून घ्या.

घुंगरूही काढा. त्याच्या फटीत बोट किंवा नखी अडकते. शिवाय स्वस्त धातूच्या वस्तूंवर जस्ताचा मुलामा असतो, आणि चोचीनं तो खरवडून पोटात गेला तर विषबाधा होते. जुन्या खेळण्यांत शिसंही असू शकतं. कड्या आणि साखळ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. त्याला फाडायला कोरा कागद, कुरतडायला रंग न दिलेलं मऊ लाकूड, आणि कागदाच्या पुडीत बांधलेले चार दाणे द्या. पहिल्या दिवशी पुडी अर्धी उघडीच ठेवा. बाहेर उडायला सोडाल तेव्हा पंखा बंद, काचांवर पडदे, आणि नॉनस्टिक भांडं गॅसवर नाही, हे तीनदा बघा. ते भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो.

प्रश्न : डॉक्टरकाकू, मी सहावीत आहे. माझ्याकडे एक सीरियन हॅमस्टर आहे, तिचं नाव खारी. तिला चाक आणि तो पारदर्शक गोळा आणायचा आहे, ज्यात बसून ती घरभर फिरेल. आणि ताईच्या सशाला पुठ्ठा खायला दिला तर चालेल का?

उत्तर : चाक जरूर आण, गोळा नको. गोळ्यात तिला काही हुंगता येत नाही, हवा कमी मिळते, फटीत पाय अडकतो, आणि दमली तरी बाहेर पडता येत नाही. तुला कोणी डोळे बांधून पिंपात घालून ढकललं तर कसं वाटेल?

चाकाची धाव सलग, सपाट हवी. शिडीसारख्या दांड्या असल्या की त्यात पाय अडकून मोडतो. ती धावत असताना बाजूनं बघ. पाठ सरळ राहिली तर चाक बरोबर, पाठ मागे वाकली तर लहान. सीरियन हॅमस्टरला व्यासानं निदान २० सेंटिमीटरचं तरी लागतं, त्याहून मोठं असलं तर उत्तमच. घरट्यासाठी कापूस किंवा ते मऊ पिंजलेलं तंतूंचं भरण घालू नकोस, तंतू पायाला आवळतात आणि गालाच्या पिशवीतही अडकतात. साध्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या फाडून दे, त्या रचण्यातच तिची अर्धी रात्र जाईल. बिळं करता येतील इतका जाड थर लाकडाच्या भुश्याचा घाल.

सशाला पुठ्ठा चालेल, पण आधी चिकटपट्टी, टाचण्या आणि चकचकीत छपाईचा भाग काढून टाक. सशाचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात, त्यामुळे त्याला सतत कुरतडायला हवंच. ते काम मुख्यतः सुक्या गवतानं होतं, पुठ्ठा फक्त गंमत. तो पुठ्ठा फाडून बाजूला टाकतोय की खातोय, ते ताईला बघायला सांग. भराभर गिळत असेल तर काढून घ्या, कारण सशाला उलटी करताच येत नाही, आत गेलं ते आत गेलं.

खारी संध्याकाळनंतरच उठेल. दिवसा तिला खेळायला उठवू नकोस, चावेल. आणि चाक रात्री कुरकुरलं तर आसावर खाण्याच्या तेलाचा एक थेंब सोड.